अवजारांचा छोटा विक्रेता आणि ऑनलाइन बाजारपेठ

आठवड्याच्या बाजारात खुरपे घ्यायला आलेली बाई ते प्रथम हातात तोलून पाहते. मूठ हाताला बसते की नाही, पाते मुठीत घट्ट रोवलेले आहे की हलते, हे तिला बोटांनीच कळते. पात्यावर टिचकी मारून आवाज ऐकणारी गिऱ्हाइकेही असतात. लोहाराला तिचे रान काळ्या मातीचे की मुरमाड, हे बहुधा ठाऊक असते आणि त्याप्रमाणे तो पाते रुंद अथवा अरुंद काढून देतो. अवजारांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या असा हातातून हातात होत आला.

तो आता मोबाइलच्या पडद्यावरही होऊ लागला आहे. विळा, कुदळ, छाटणीची कात्री, करवत, पाना, पकड यांपैकी काहीही घरबसल्या मागवता येते. या बाजारपेठेत मोठ्या कंपन्या आहेत. त्याचबरोबर तालुक्याच्या गावी लोखंडी सामानाचे लहानसे दुकान चालवणारा व्यापारी आहे, आणि वडिलांच्या भात्यावर तयार झालेला माल विकू पाहणारा, थोडेफार शिकलेला तरुणही आहे. या दोघांचा मोठ्या विक्रेत्यांपुढे टिकाव कसा लागावा, हा प्रश्न केवळ त्यांच्या दुकानांपुरता नाही. अवजारांची विक्री गावाबाहेर गेली म्हणजे अवजारे घडवणे, दुरुस्त करणे आणि त्यांना धार लावणे ही कामेही हळूहळू गावाबाहेर जातात.

किमतीची लढाई

आरंभीच एक गोष्ट मान्य केलेली बरी. किमतीच्या लढाईत छोट्या विक्रेत्याने उतरू नये. पंजाबातील जालंधर आणि लुधियाना ही हातअवजारांच्या उत्पादनाची देशातील मोठी केंद्रे आहेत. तेथून हजारो नगांची एकगठ्ठा खरेदी करणाऱ्याला जो भाव मिळतो तो वीस-पंचवीस नग घेणाऱ्याला मिळणे शक्य नाही. पुण्याच्या बोहरी आळीतून किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून माल उचलणाऱ्या दुकानदाराच्या खरेदीत आधीच एका मध्यस्थाचा नफा मिसळलेला असतो. मोठ्या विक्रेत्याची गोदामे ठिकठिकाणी असतात आणि कुरिअरचा दरही त्याला सवलतीत मिळतो. तोच पाना, त्याच कंपनीचा, त्याच वेष्टनातला दोघांनी विकायला ठेवला तर गिऱ्हाईक स्वस्त मिळेल तेथे जाणार. त्यात गिऱ्हाइकाचे काही चुकत नाही.

म्हणून जो माल सर्वत्र सारखाच मिळतो तो छोट्या विक्रेत्याच्या ऑनलाइन दुकानाचा आधार होऊ शकत नाही. दहा हजार वस्तूंची यादी लावण्याच्या मोहात अनेक नवे विक्रेते पडतात आणि सहा महिन्यांत थकतात. त्याऐवजी चाळीस वस्तू ठेवाव्यात, पण त्या चाळीस वस्तूंबद्दल त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसावे.

एका कामाची चार नावे

हे ज्ञान म्हणजे काय, ते एका साध्या उदाहरणावरून लक्षात येईल. पिकातले तण काढण्याच्या कामाला कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत भांगलण म्हणतात. विदर्भात आणि खानदेशात तीच निंदणी होते. सोलापूर आणि मराठवाड्याकडे खुरपणी हा शब्द चालतो, तर कोकणात बेणणी. ज्या खुरप्याने हे काम होते त्याची घडणही मातीगणिक आणि पिकागणिक बदलते. मोठ्या कंपनीच्या यादीत मात्र या सर्वांच्या वाट्याला ‘बागकामाचे हातअवजार’ एवढे एकच नाव येते, आणि तेही पुष्कळदा इंग्रजीत किंवा यंत्राने केलेल्या ओबडधोबड भाषांतरात. शेतकरी मोबाइलवर आपल्या बोलीतला शब्द उच्चारून शोध घेतो, तेव्हा त्या शब्दाला उत्तर देणारा विक्रेता त्याला सापडत नाही. जो आपल्या मालाच्या वर्णनात ‘भांगलणीचे खुरपे, निंदणीसाठीही उपयुक्त’ असे लिहील, तो काहीही खर्च न करता त्या शोधाच्या वाटेवर उभा राहील.

असेच दुसरे उदाहरण कृषी विद्यापीठांनी सुधारलेल्या अवजारांचे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबे उतरवण्यासाठी विकसित केलेला ‘नूतन’ झेला आणि कापणीसाठीचा ‘वैभव’ विळा ही नावे कोकणातील बागायतदाराला आणि भातशेती करणाऱ्याला परिचित आहेत. झेल्याने आंबा देठासह उतरवला जातो. देठाचा चीक फळावर ओघळून डाग पडत नाही आणि फळ आपटतही नाही. हे कारण ज्याला सांगता येते त्याच्याकडूनच गिऱ्हाईक झेला घेते, कारण कारण कळल्यावर चार पैशांच्या फरकाकडे ते पाहत नाही.

हंगामाचेही तसेच. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास आणि फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते. नाशिक आणि सांगली भागांतील बागाईतदाराला त्या दिवसांत कात्री आजच्या आज हवी असते. कात्रीची स्प्रिंग तुटली तर नवी कात्री नको असते, स्प्रिंगच हवी असते. सुटी स्प्रिंग, सुटे पाते, नटबोल्ट हे पाच-पन्नास रुपयांचे सामान मोठा विक्रेता सहसा ठेवत नाही, कारण त्याच्या हिशेबात त्याचा हाताळणीचा खर्चही निघत नाही. छोट्या विक्रेत्याला त्यातून फारसा नफा होत नाही हे खरे; परंतु स्प्रिंगेसाठी आलेले गिऱ्हाईक पुढच्या वर्षी कात्रीसाठी त्याच्याकडेच येते. डावखुऱ्या माणसाला चालेल असा दातेरी विळा ही अशीच एक वस्तू. मागणी थोडी, पण ज्याला हवा त्याला तो दुसरीकडे मिळत नाही.

दांडा न पाठवलेला बरा

ऑनलाइन विक्रीत नवख्या विक्रेत्याचे सर्वांत मोठे नुकसान होते ते वाहतुकीत. अवजार जड असते हे सर्वांना दिसते. परंतु कुरिअर कंपन्या केवळ वजनावर आकार घेत नाहीत. पार्सलाने व्यापलेली जागाही त्या मोजतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करावयाचा आणि त्याला सामान्यतः ५,००० ने भागावयाचे, की किलोग्रॅममधील आकारमानी वजन मिळते. काही कंपन्यांचा भाजक वेगळा असतो. प्रत्यक्ष वजन आणि हे आकारमानी वजन यांपैकी जे अधिक, त्यावर आकार लागतो.

दांड्यासह फावड्याचे पार्सल १०५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि १६ उंच झाले असे धरू. गुणाकार ४२,००० येतो आणि आकारमानी वजन ८.४ किलोग्रॅम. फावडे प्रत्यक्षात दोन-अडीच किलोंचे असले तरी पैसे ८.४ किलोंचे द्यावे लागतात. तेच फावडे दांड्याविना ३० × २५ × १० सेंटिमीटरच्या खोक्यात गेले तर आकारमानी वजन दीड किलोवर येते. दांडा गावचा सुतार बाभळीचा काढून देतो आणि तो बहुधा कारखान्याच्या दांड्यापेक्षा अधिक टिकतो. विक्रेत्याने एवढेच करावयाचे, की दांडा बसतो त्या भोकाचा व्यास वर्णनात स्पष्ट लिहावयाचा. यात गिऱ्हाइकाचा पैसा वाचतो आणि सुतारालाही काम मिळते.

हलक्या आणि स्वस्त मालाची अडचण निराळी आहे. समजा, खुरप्याची किंमत ८० रुपये आणि ते पोचवण्याचा खर्च ६० रुपये. असे एक खुरपे विकण्यात कोणाचेच हित नाही. पण भांगलणीला बायका टोळीने जातात. दहा-बारा खुरप्यांचा संच एका पार्सलातून गेला तर नगामागे वाहतूक काही रुपयांवर येते. महिला बचत गट, फळबागायतदारांचे गट, शाळेची परसबाग ही या दृष्टीने एकेकट्या गिऱ्हाइकापेक्षा चांगली गिऱ्हाइके होत.

माल पोचल्यावर पैसे घेण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. टपाल खात्याची व्ही. पी. १८७७ मध्ये सुरू झाली आणि पुढे खेड्यापाड्यांत पुस्तकांपासून घड्याळांपर्यंत कितीतरी वस्तू तिच्या भरवशावर गेल्या. त्या काळीही पार्सल न सोडवणारे लोक होतेच. आज परत आलेल्या पार्सलाचा जाण्यायेण्याचा दुहेरी खर्च विक्रेत्याच्या अंगावर पडतो आणि चार नगांवरचा नफा एका परतीत जातो. मोठ्या कंपनीला तो खर्च हजारो विक्रींत विरघळवता येतो, छोट्याला येत नाही. माल रवाना करण्यापूर्वी गिऱ्हाइकाला एक दूरध्वनी करून ‘दादा, तुमची जमीन कशी आहे, कोणत्या पिकासाठी पाहिजे?’ एवढे विचारले तरी चुकीची मागणी तेथेच दुरुस्त होते. मोठ्या विक्रेत्याच्या यंत्रणेत असा प्रश्न विचारणारा माणूसच नसतो.

वर्णनाने हाताचे काम करावे

बाजारात हाताने जे तपासले जाते ते पडद्यावर शब्दांनी आणि छायाचित्रांनी सांगावे लागते. पात्याची लांबी, रुंदी, जाडी, वजन, मुठीचे लाकूड यांची मापे द्यावीत. छायाचित्रात शेजारी फूटपट्टी ठेवावी. नुसत्या चित्रावरून कोयता आणि चाकू यांच्या आकारातला फरक कळत नाही, आणि ‘चित्रात मोठा दिसला’ ही तक्रार फार ऐकू येते. अवजार मालमोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवले असेल तर तसे लिहावे. त्या पोलादात कार्बनचे प्रमाण चांगले असते, पाणी नीट दिले तर धार पुष्कळ दिवस टिकते, मात्र दगडावर आपटल्यास ती तुटू शकते. हा शेवटचा दोषही लिहावा. दोष लिहिल्याने विक्री घटते असे वाटते. प्रत्यक्षात परतीचा माल घटतो.

अशा रीतीने केवळ माहितीच्या बळावर उभ्या राहिलेल्या एका अवजार-विक्रेत्याचा इतिहास येथे उपयोगी पडेल. कॅनडामध्ये लिओनार्ड ली नावाचे गृहस्थ केंद्र सरकारच्या सेवेत होते. ती सोडून त्यांनी १९७८ मध्ये ओटावा येथे ‘ली व्हॅली टूल्स’ हा व्यवसाय सुरू केला. आरंभी ओतीव लोखंडाच्या शेगडीचे सुटे भाग टपालाने विकले जात. पुढे सुतारकामाची अवजारे आली. त्यांचा भर होता तो सूचीपुस्तिकेवर. वस्तू कशासाठी आहे आणि ती कशी वापरावी, हे त्या पुस्तिकेत सविस्तर सांगितलेले असे. लोक ती अवजारे घेण्यासाठी वाचत, तशीच काम शिकण्यासाठीही वाचत. नंतर त्यांनी ‘व्हेरिटास’ या नावाने स्वतःच अवजारे बनवण्यास सुरुवात केली. अवजारांना धार लावण्याच्या विषयावर ली यांनी १९९५ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९९४ मध्ये अमेरिकेतील ‘होम डेपो’ ही अवाढव्य विक्रीसंस्था कॅनडात उतरली. तिच्या एकेका दुकानात ली यांच्या साऱ्या सूचीपेक्षा अधिक माल असे. तरीही ली व्हॅली टिकली आणि वाढली. ली यांचे २०१६ मध्ये निधन झाले. व्यवसाय कुटुंबाकडे राहिला आणि सूचीपुस्तिकेच्या जोडीला संकेतस्थळ आले.

आपल्याकडील लोहाराच्या मुलाला ओटावाची नक्कल करावयाची नाही. तेथील गिऱ्हाईक हौसेने सुतारकाम करणारे आहे, येथील गिऱ्हाईक पोटासाठी शेतात राबणारे. परंतु दोन मिनिटांची चित्रफीत काढून विळ्याला कानशीने धार कोणत्या कोनात लावावी हे दाखवणे येथेही शक्य आहे, आणि ते दाखवणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येते.

दुसऱ्याच्या जागेतले दुकान

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत विक्रेता म्हणून नाव नोंदवणे म्हणजे दुसऱ्याच्या जागेत गाळा घेणे होय. तेथे वर्दळ असते, पण दलाली आणि इतर आकार द्यावे लागतात. गिऱ्हाईक कोण, त्याचा पत्ता काय, हे विक्रेत्याच्या वहीत राहत नाही. तोच माल बाजारपेठेशी संबंधित एखादी कंपनी शेजारी मांडून बसली तर काय, अशी तक्रार देशभरातील व्यापाऱ्यांनी केली होती. परकीय गुंतवणूक असलेल्या बाजारपेठांनी स्वतःचा माल विकू नये, त्यांनी केवळ मध्यस्थाचे काम करावे, हा दंडक केंद्र सरकारने १ फेब्रुवारी २०१९ पासून अधिक कडक केला, त्याचे कारण हेच.

याच विचारातून ३१ डिसेंबर २०२१ रोजी ओएनडीसी ही ना-नफा तत्त्वावरील कंपनी स्थापन झाली. डिजिटल व्यापाराचे हे खुले जाळे आहे. पैसे पाठवताना दोघांचे ॲप वेगवेगळे असले तरी यूपीआयमुळे व्यवहार होतो. त्याचप्रमाणे येथे गिऱ्हाइकाचे ॲप आणि विक्रेत्याचे ॲप वेगवेगळे असू शकते. कल्पना चांगली आहे. तथापि नाव नोंदवले म्हणजे गिऱ्हाईक आपोआप येते, असा समज कोणी करून घेऊ नये. अवजार-विक्रेत्याने मोठ्या बाजारपेठेचा उपयोग ओळख होण्यापुरता करावा, आणि पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी स्वतःचे साधे संकेतस्थळ किंवा निदान मोबाइलवरील सूची व स्वतःची वही ठेवावी.

कायद्याच्या काही बाबी

कुदळ, फावडे, खुरपे, विळा अशा हाताने चालवावयाच्या शेतीच्या अवजारांवर वस्तू व सेवा कर नाही. करवत, पाने, पकड यांवर १८ टक्के आहे. केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला कायद्याने नोंदणीची सक्ती नाही. मात्र संबंधित बाजारपेठेची स्वतःची अट काय आहे ते आधी विचारून घ्यावे. करपात्र माल विकणाऱ्या लहान व्यापाऱ्याला पूर्वी ऑनलाइन बाजारपेठेत येण्यासाठी नोंदणी अनिवार्य होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल विहित मर्यादेच्या आत असेल आणि विक्री राज्यातल्या राज्यात होत असेल, तर कराच्या पोर्टलवर नाव-क्रमांक घेऊन नोंदणीविनाही विक्री करता येते. म्हणजे साताऱ्याचा विक्रेता नागपूरला पाना पाठवू शकतो, बेळगावला पाठवावयाचा तर नोंदणी हवी. नोंदणीकृत विक्रेत्याच्या करपात्र विक्रीतून बाजारपेठ जी अर्धा टक्का रक्कम कापते (१० जुलै २०२४ पूर्वी ती एक टक्का होती) ती खर्च नव्हे; ती विक्रेत्याच्या खात्यात जमा होते. पुष्कळ विक्रेते ती मागतच नाहीत.

पॅकबंद मालावर व त्याच्या ऑनलाइन वर्णनात उत्पादकाचे नाव-पत्ता, मूळ देश, नगसंख्या आणि सर्व करांसह कमाल किंमत द्यावी लागते. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार गिऱ्हाइकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावयास हवे. कोयते आणि मोठी पाती विकणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार हत्यारांचा उल्लेख आहे. शेती, घरगुती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी घडवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. म्हणून ऊसतोडीचा कोयता हा ऊसतोडीचा कोयता म्हणूनच वर्णिला जावा. त्याला भीतिदायक नाव देऊन तरुणांना आकर्षित करणाऱ्या जाहिराती करू नयेत आणि मागणीची नोंद जपून ठेवावी.

ग्रामपंचायतीकडील एक काम

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. लोहार, सुतार आणि हातोडे व अवजारे बनवणारे हे त्यांत येतात. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारसंचासाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपये कर्ज असे तिचे स्वरूप असून ती २०२७-२८ पर्यंत मंजूर आहे. मालाची प्रतवारी, नाममुद्रा आणि ऑनलाइन बाजारपेठेत प्रवेश यांसाठी साहाय्याचीही तीत तरतूद आहे. अर्ज सामान्य सेवा केंद्रातून भरला जातो. त्याची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते आणि त्यानंतरच तो जिल्हा समितीकडे जातो. सरपंचांच्या खात्यावर पडताळणीविना पडून राहिलेला अर्ज पुढे सरकत नाही, आणि अर्जदाराला त्याचे कारणही कळत नाही. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर अशा प्रलंबित अर्जांची यादी वाचून दाखवण्यास कोणताही खर्च येत नाही.

शिक्षकांचा वाटा याहून साधा आहे. ज्या कारागिराला अवजार घडवता येते त्याला त्याचे वर्णन लिहिता येतेच असे नाही. वरच्या वर्गातील मुलांनी गावच्या लोहाराकडे जाऊन त्याच्या दहा अवजारांची मापे घ्यावीत, त्यांची गावातली नावे, उपयोग आणि निगा शुद्ध मराठीत लिहून काढावी, हा भाषेचा आणि कार्यानुभवाचा चांगला पाठ ठरेल. ती पाने लोहाराच्या मुलाने मोबाइलवर चढवली की त्याच्या सूचीचे निम्मे काम झाले. एप्रिलच्या छाटणीसाठी कात्र्या विकावयाच्या असतील तर ही सूची फेब्रुवारीअखेर तयार असावयास हवी, आणि खुरप्यांची मृगाच्या आधी.